तुझे बाबा काय खेळतात?

लंडनजवळच्या हॅरोत मराठी बायकांमध्ये वैजयंतीताई पाध्यांचा शब्द शेवटचा असे. यजमान हॉस्पिटलात मोठे डॉक्टर, घर पिनरच्या बाजूला, मागे सफरचंदाची झाडं. कुणाच्या बारशाला काय करायचं इथपासून कुणाच्या पोरीने कुठल्या शाळेत जायचं इथपर्यंत सगळं त्यांच्या कानावर घालून मगच ठरत असे. सत्त्याऐंशी साली त्यांनी लहान मुलांसाठी रविवारचं वाचन सुरू केलं. चर्चच्या मागचा छोटा हॉल दुपारी रिकामा असे, तो मिळाला. भिंतीवर वर टांगलेला हीटर, नारिंगी प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मध्ये एक जुनी सतरंजी. लायब्ररीतून चित्रांची पुस्तकं आणायची, चित्र मुलांकडे धरायचं आणि आतली इंग्रजी गोष्ट मराठीतून सांगायची, अशी पद्धत होती. गोष्टी घरातल्याच असत. आई, बाबा, आजी, धाकटं भावंड, पाऊस पडत असताना घरात मांडलेला खेळ. आठवड्यातून निदान एकदा पोरांच्या कानावर आपली भाषा पडावी, एवढाच हेतू, असं वैजयंतीताई सांगत.

पुढच्या वर्षी सुमेधा आपल्या मुलीला, शिल्पाला, घेऊन तिथे जायला लागली ती मुख्यतः रविवार जावा म्हणून.

तिचा नवरा विनय घर सोडून गेला त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. बेसिंगस्टोकला एका कॉम्प्युटरच्या कंपनीत त्याला नोकरी लागली. आधी तो रोज जाऊन-येऊन करायचा, मग आठवड्यातून दोन रात्री तिकडे राहायला लागला, आणि मग एका शनिवारी त्याने बॅग भरता भरता सांगितलं, की तिकडे कॅरन नावाची एक बाई आहे आणि तो आता तिच्याकडेच राहणार आहे. हे त्याने अगदी शांतपणे सांगितलं, शर्टाच्या घड्या न मोडता. सुमेधाने त्याच्याकडे एकच गोष्ट मागितली. कुणाला कळू देऊ नकोस. पुण्याला तुझ्या आईला नको, इथे मंडळात नको, शिल्पाला तर नकोच. विनयला स्वतःच्या आईची भीती होती, त्यामुळे तो कबूल झाला. गणपतीला तो आला, सुमेधाच्या शेजारी उभा राहून त्याने आरती म्हटली, आणि प्रसाद खाऊन बेसिंगस्टोकला निघून गेला. दिवाळीलाही आला. लोक विचारत तेव्हा सुमेधा म्हणे, प्रोजेक्ट आहे, वीकेंडलासुद्धा काम असतं. हे ती इतक्यांदा बोलली की बोलताना तिचं तिलाच खरं वाटू लागलं होतं. आणि खरं सांगायचं तर तिच्या मनाने एक हिशेबही केला होता. जोवर तो चारचौघांत नवरा म्हणून उभा राहतोय तोवर त्याचं एक पाऊल घरात आहे. एक पाऊल असलं तर दुसरंही कधीतरी येईल.

ती हाय रोडवरच्या एका चष्म्याच्या दुकानात रिसेप्शनला होती. दिवसभर लोकांशी गोड बोलायचं, फोन घ्यायचे, वेळा द्यायच्या. संध्याकाळी शिल्पाला चाइल्डमाइंडरकडून आणायचं, तिला जेवू घालायचं, झोपवायचं. शिल्पा पाच वर्षांची होती. गोल चेहऱ्याची, बोलकी, आणि आईने सांगितलेली प्रत्येक गोष्ट खरी मानणारी.

रविवारच्या वाचनाला सुमेधा मागच्या खुर्चीवर बसून असायची. वैजयंतीताई छान वाचत, पण शिक्षिकेसारखं. मध्येच थांबून शब्दाचा अर्थ विचारत, चुकीचं लिंग वापरलं तर पुन्हा म्हणायला लावत. पोरं चुळबूळ करत, सतरंजीचे दोरे उपसत. मग एका रविवारी वैजयंतीताईंना फ्लू झाला आणि त्यांनी फोन करून सुमेधाला सांगितलं, आजचा दिवस तू सांभाळ, पुस्तकं हॉलच्या कपाटात आहेत.

पुस्तक होतं एका आजोबांचं, ज्यांना लपाछपी खेळताना कुठेही झोप लागते. सुमेधाने आधी भीतभीत सुरुवात केली. मग आजोबा कपाटात घोरायला लागले तेव्हा तीही घोरली. एक मूल हसलं. तिने आणखी जोरात घोरून दाखवलं. मग ती खुर्चीवरून उतरून सतरंजीवर बसली, आजीचा आवाज काढला, मांजरीचा काढला, जिन्याचा करकर आवाज काढला. मुलं एकमेकांच्या अंगावर पडून हसत होती. मंडळातल्या अलकाचा मुलगा रवी, जो एरवी पाच मिनिटं एका जागी बसत नसे, तो तिच्या मांडीला टेकून बसला. परत जाताना अलका म्हणाली, अगं, तुझ्यात हे होतं हे ठाऊकच नव्हतं. सुमेधालाही ठाऊक नव्हतं. त्या रात्री तिला बऱ्याच महिन्यांनी गाढ झोप लागली.

पुढच्या रविवारी वैजयंतीताई बऱ्या होऊन आल्या आणि खुर्चीत बसून त्यांनी पुस्तक उघडलं, तर रवी म्हणाला, "सुमेधामावशी वाचू दे. तुझा बोअरिंग आहे." अलकाने त्याला दटावलं. वैजयंतीताई हसल्या. लहान मूल आहे, असं म्हणाल्या, आणि पुस्तक सुमेधाच्या हातात दिलं. त्यानंतर तीनचार रविवार सुमेधानेच वाचलं. मुलांची संख्या वाढली. ईलिंगहूनही दोन कुटुंबं येऊ लागली. वैजयंतीताई मागच्या रांगेत बसून सगळ्यांचं कौतुक ऐकून घेत, आणि म्हणत, हो ना, आपणही कधीतरी बाजूला व्हावं माणसाने.

त्या बाजूला झाल्या नव्हत्या, हे सुमेधाला कळायला फेब्रुवारी उजाडावा लागला.

त्या रविवारी हॉल गच्च भरला होता. बाहेर बर्फाचा नुसता चिखल झालेला, त्यामुळे पोरांना घराबाहेर काढायला बायकांना हे एकच ठिकाण होतं. वैजयंतीताईंनी पिशवीतून एक नवं पुस्तक काढलं आणि सुमेधाच्या हातात दिलं. म्हणाल्या, "आज हे वाच. मी मुद्दाम शोधून आणलंय. तुझ्या आवाजात शोभेल." सुमेधाला पुस्तक चाळून बघायला वेळ मिळाला नाही. मुलं बसलीच होती. तिने पहिलं पान उघडलं. शनिवारची सकाळ, बाबा घरी आहेत, आणि एक मुलगी त्यांच्या पोटावर उडी मारून त्यांना उठवते आहे.

तिने पान उलटलं. बाबा घोडा झाले होते. पुढच्या पानावर बाबा तव्यावर धिरडं उलटत होते आणि ते मुलीच्या डोक्यावर पडलं होतं. मुलं हसली. सुमेधाच्या लक्षात आलं की सगळं पुस्तक असंच असणार. पण तिने आवाज काढले, घोड्याचं खिंकाळणं काढलं. पानं फार नव्हती. संपलं असतं.

तेवढ्यात मागून वैजयंतीताई म्हणाल्या, जरा थांब हं, सुमेधा. मुलांनाही बोलू दे की. नुसतं ऐकून भाषा येत नाही. आणि त्या उठून पुढे आल्या, खुर्ची ओढून मुलांच्या गोलात बसल्या आणि एकेकाला विचारू लागल्या, तुझे बाबा तुझ्याशी काय खेळतात? एकाने फुटबॉल म्हटलं. एक म्हणाली, बाबा टीव्ही बघतात आणि मी त्यांचे केस विंचरते. सगळ्या हसल्या. वैजयंतीताई प्रत्येकाला शाबासकी देत होत्या. प्रश्न गोल फिरत शिल्पापर्यंत आला.

शिल्पा आधीपासून हात वर करून बसली होती. ती म्हणाली, "माझे बाबा डोंगर होतात. मी चढते, आणि वर गेले की डोंगर हलतो."

हा खेळ खरा होता. विनय पालथा झोपायचा आणि शिल्पा त्याच्या पाठीवर चढायची. पण तो शेवटचा कधी झाला होता हे सुमेधालाही आठवत नव्हतं.

"किती छान," वैजयंतीताई म्हणाल्या. "कधी झाले गं डोंगर? काल?"

शिल्पाने आईकडे पाहिलं आणि मान हलवली. हो, काल.

"काल कसे होतील, राणी? काल तर ते तिकडे बेसिंगस्टोकला होते. श्रीनिवासकाकांना, माझ्या भावाला, भेटले ना सुपरमार्केटात. ट्रॉली ढकलत होते, आणि बरोबर एक गोरी मावशी होती." आवाज इतका मऊ होता की ओळखत नसलेल्या माणसाला वाटावं, ही बाई त्या पोरीला समजावतेय. "आपण खोटं नाही ना बोलत? गोष्ट वेगळी आणि खोटं वेगळं."

लगेच रवी, कुणालातरी मदत करावी तसा, म्हणाला, "शिल्पाचा डॅडी गेला. तो आता येत नाही. माझा मम्मी फोनवर म्हणाली."

अलकाने त्याचा दंड धरला. पण ती लाजली ती पोर बोललं म्हणून, ते खोटं होतं म्हणून नव्हे. सुमेधाने समोर पाहिलं. नारिंगी खुर्च्यांवर बसलेल्या सगळ्या बायका कुठे ना कुठे बघत होत्या, कुणी पर्समध्ये, कुणी हीटरकडे. एकीच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. म्हणजे गणपतीला विनय तिच्या शेजारी उभा राहून टाळ्या वाजवत होता तेव्हाही यांना माहीत होतं. ती प्रोजेक्टचं सांगत होती आणि या माना डोलावत होत्या.

"आई," शिल्पा म्हणाली. "आई, तू सांग ना. डोंगर होतात ना?"

हो म्हणायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं, की हो, होतात, मी पाहिलंय. ते खरंही होतं. पण समोर इतके डोळे होते, आणि सुमेधाला त्या क्षणी फक्त एवढंच कळत होतं की आपण रडता कामा नये. बोलायला तोंड उघडलं तर रडू फुटलं असतं, म्हणून तिने आवाज कडक केला.

"शिल्पा, गप्प बस. सगळ्यांना ऐकू दे."

आणि तिने पान उलटलं आणि उरलेली गोष्ट वाचली. बाबा मुलीला आंघोळ घालतात, बाबा पांघरूण घालतात, बाबा दिवा मालवतात. सगळे आवाज काढून वाचली. मुलं हसली. शिल्पा सतरंजीकडे बघत बसून होती. संपल्यावर वैजयंतीताईंनी टाळ्या वाजवल्या, आणि मग सगळ्यांनी मिळून मुलांना सरबत आणि बिस्किटं वाटली.

बसस्टॉपवर शिल्पाने विचारलं, "आई, मी खोटं बोलले?"

सुमेधा बस येतेय का ते बघायला पुढे झाली. घरी येऊन कोट काढताना शिल्पाने पुन्हा तेच विचारलं, आणि जेवताना पुन्हा. तिसऱ्या वेळी सुमेधाने हातातला चमचा ताटात आदळला. ती म्हणाली, "तुझे बाबा आपल्याला सोडून गेलेत. दुसऱ्या बाईकडे राहतात. कळलं आता? पुन्हा कुणापुढे डोंगर-बिंगर सांगत बसू नकोस." पाच वर्षांच्या मुलीला हे असं सांगायचं नसतं हे तिला बोलतानाच कळत होतं. तरी ते बोलून होईपर्यंत ती थांबली नाही. शिल्पाने वरणभात संपवला. पुन्हा विचारलं नाही.

दोन दिवसांनी वैजयंतीताई स्वतः घरी आल्या. हातात डबा होता, पुरणपोळ्यांचा. सोफ्यावर बसून त्यांनी सुमेधाचा हात हातात घेतला. म्हणाल्या, मला फार वाईट वाटलं, पोरांच्या बोलण्यातून विषय निघाला. पण एका परीने सुटलीस तू. किती दिवस ते नाटक करायचं? आम्हाला बघवत नव्हतं गं. सुमेधाने विचारलं, तुम्हाला कधीपासून माहीत होतं. वैजयंतीताई म्हणाल्या, अगं, श्रीनिवास त्याच्याच कंपनीत नाही का. पहिल्यापासून. मग त्या जरा पुढे झुकल्या.

"एक सांगू? तू आता काही दिवस वाचायला येऊ नकोस. मुलांची पुस्तकं म्हणजे सगळी आईबाबांचीच असतात. तुलाही त्रास आणि मुलांनाही प्रश्न पडतात. मी बघेन तेवढं."

सुमेधाने चहा केला. वैजयंतीताई तो सावकाश प्यायल्या आणि जाताना त्यांनी डबा रिकामा करून मागितला.

बातमी बेसिंगस्टोकला पोचायला आठवडा लागला. विनयचा फोन आला. सुमेधाला वाटलं होतं तो चिडेल, ओशाळेल, निदान आईला काय सांगायचं म्हणून घाबरेल. तर त्याच्या आवाजात सुटका होती. तो म्हणाला, "बरंच झालं. आता मला गणपतीला यायला नको." मग म्हणाला, आईला मीच पत्र लिहितो, तू काळजी करू नकोस. आणि आता सगळ्यांना कळलंच आहे तर रीतसर घटस्फोट घेऊन टाकू, दोघांनाही मोकळं होता येईल. सुमेधा फोन धरून जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली. ज्या लाजेच्या आधाराने तिने त्याचं एक पाऊल घरात धरून ठेवलं होतं, ती लाज त्याला आता उरलीच नव्हती. सगळी तिच्याकडे आली होती.

उन्हाळ्यापर्यंत वकिलांचं झालं. शिल्पाने एकाआड एक शनिवार-रविवार बापाकडे राहायचं ठरलं. पहिल्या वेळी ती जायला तयार नव्हती. विनय गाडी दारात लावून उभा होता आणि ती कोटाच्या खुंटीखाली बसून राहिली होती. सुमेधाने तिला उचलून गाडीत बसवलं. रविवारी संध्याकाळी ती परत आली तेव्हा झोपलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी, दूध पिताना म्हणाली, कॅरनच्या घरात भिंतभर पुस्तकं आहेत. कॅरन इन्फंट स्कूलमध्ये टीचर आहे. ती रोज तीन वाचते.

सुमेधा म्हणाली, हो का.

पुढच्या वेळी शिल्पा म्हणाली, कॅरन कुत्र्याचा आवाज खऱ्या कुत्र्यासारखा काढते. त्याच्या पुढच्या वेळी म्हणाली, आई, तू 'वेन्सडे' हा शब्द चुकीचा म्हणतेस, कॅरन असा म्हणते. तो शब्द तिने म्हणून दाखवला, ओठ गोल करून, अगदी शाळेत शिकवतात तसा. सुमेधाने चष्म्याच्या दुकानात तो शब्द दिवसातून दहादा वापरला होता आणि कुणी कधी काही म्हटलं नव्हतं. त्या दिवसापासून फोनवर बोलताना ती अडखळायला लागली.

रविवारचं वाचन तिने सोडलंच होतं. हळूहळू फोनही बंद झाले. अलका एकदा बाजारात भेटली तेव्हा तिने फार प्रेमाने चौकशी केली, पण रवीच्या वाढदिवसाला बोलावलं नाही. बायको सोडलेला नवरा चालतो, नवऱ्याने सोडलेली बायको बारशा-वाढदिवसांना जड जाते, हे सुमेधाला कुणी सांगितलं नाही. ते तिला आपोआप कळलं. विनयला मात्र त्या वर्षी श्रीनिवासच्या घरी दिवाळीच्या फराळाला बोलावलं होतं. कॅरनने साडी नेसली होती म्हणे, आणि वैजयंतीताईंनी तिच्या निऱ्या नीट करून दिल्या. हे शिल्पाने सांगितलं. तीही तिथे होती.

नव्वद सालच्या एप्रिलमधली गोष्ट. शिल्पा सहा पुरी करून सातव्यात होती. रविवारी संध्याकाळी ती बेसिंगस्टोकहून आली ती हातात एक पुस्तक घेऊन. कॅरनने भेट दिलं होतं. कॅरनला बाळ होणार होतं आणि पुस्तक त्यासाठी होतं, घरात नवं भावंड येतं त्याबद्दल. चकचकीत, जाड पुठ्ठ्याचं. आत पहिल्या पानावर कॅरनने सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, आमच्या मोठ्या मुलीला.

सुमेधाने ते वाचलं. मग पुन्हा वाचलं.

शिल्पाने पायजमा घातला, दात घासले आणि पलंगावर सरकून आईसाठी जागा केली. "वाच ना," म्हणाली. "मराठीत सांग. कॅरनला मराठी नाही येते. ते फक्त तुला येते."

किती तरी महिन्यांनी शिल्पा असं म्हणाली होती. बाहेर अजून उजेड होता, खिडकीखाली शेजारची मुलं सायकलवर फिरत होती. सुमेधा तिच्या शेजारी बसली आणि तिने पुस्तक उघडलं. चित्रात एक घर होतं, आई होती, बाबा होते, मोठी मुलगी होती, आणि आईचं पोट मोठं होतं.

"एक मुलगी होती," सुमेधा म्हणाली. "तिला तिची आई आवडत नसे."

शिल्पाने चित्राकडे पाहिलं.

"आईला नीट बोलता येत नसे. आईला कुत्र्याचा आवाज काढता येत नसे. म्हणून ती मुलगी दुसऱ्या आईकडे गेली. त्या आईकडे भिंतभर पुस्तकं होती." तिने पान उलटलं. चित्रात बाळ आलं होतं, पाळण्यात होतं. "मग त्या दुसऱ्या आईला स्वतःचं बाळ झालं. गोरं गोरं. मग तिला ही मुलगी कशाला हवी? तिने मुलीला सांगितलं, तू आता जा. बाबाही म्हणाले, तू जा. मुलगी जुन्या घरी आली, तर आईने दार उघडलं नाही."

ती आवाज काढत होती. दार ठोठावण्याचा काढला, मुलीचा काढला. हॉलमध्ये काढायची तसेच, उत्तम. आपण काय करतोय हे तिला दिसत होतं आणि त्यात एक गोडीही लागली होती, दुखरा दात जिभेने दाबावा तशी.

शिल्पाने पुस्तकावर बोट ठेवलं. ओळीच्या सुरुवातीला. आणि बोट सरकवत सरकवत, सावकाश पण न अडखळता, तिने ती ओळ इंग्रजीत वाचली. बाळ मोठ्या बहिणीकडे बघून हसतं, असं काहीतरी होतं. मग खालची ओळ वाचली. आईबाबा म्हणतात, आता आपण चौघं.

"असं नाहीये तिथे," ती म्हणाली. "तू खोटं वाचतेस."

सुमेधा म्हणाली, "गोष्ट वेगळी आणि खोटं वेगळं."

हे शब्द तोंडातून बाहेर पडल्यावर तिला ते कुणाचे आहेत ते आठवलं. शिल्पाला बहुतेक आठवलं नसावं, किंवा आठवलं असावं. तिच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही. ती रडली नाही. तिने आईच्या हातातून पुस्तक काढून घेतलं, मिटलं, उशीखाली ठेवलं आणि भिंतीकडे तोंड केलं. सुमेधाने तिच्या पाठीवर हात ठेवला. मुलगी ताठ झाली, आणि हात उचलला जाईपर्यंत तशीच ताठ राहिली.

सुमेधा खाली येऊन स्वयंपाकघरात उभी राहिली. वर जावं, तिला उठवावं, कुशीत घ्यावं, मी चुकले म्हणावं, असं तिला वाटलं. ती जिन्यापर्यंत गेलीही. पण चूक कुठून सांगायला सुरुवात करायची ते तिला उमगेना. हॉलपासून, की ताटात आदळलेल्या चमच्यापासून, की आत्तापासून. ती परत फिरली आणि भांडी घासायला लागली.

जूनमध्ये विनयने फोन केला. यावेळी तो जरा अडखळत बोलत होता. म्हणाला, शिल्पाला सप्टेंबरपासून इकडच्या शाळेत यायचंय. आम्ही काही सुचवलेलं नाही, तिनेच काढलं. कॅरन म्हणाली आधी आईला विचारायला हवं. सुमेधा म्हणाली, मी शिल्पाशी बोलते.

शिल्पा बागेत होती, वाळत घातलेल्या चादरीच्या मागे. सुमेधाने विचारलं, तुला बाबांकडे राहायचंय का. तिने ठरवलं होतं की नाही म्हणायचं, वकिलाकडे जायचं, पोरगी हातची जाऊ द्यायची नाही. पण शिल्पाने चादरीच्या कडेतून तिच्याकडे पाहिलं, आणि दुकानात अनोळखी बाईने बोलावं तशा इंग्रजीत, अगदी नम्रपणे ती म्हणाली, "इफ दॅट्स ऑल राइट विथ यू."

सुमेधाला तिला मारावंसं वाटलं. मग तिने मान हलवली. हो, चालेल.

आता मुलगी एकाआड एक शनिवारी हॅरोला येऊ लागली. बाळाचे फोटो आणी, ते टेबलावर ठेवी आणि जाताना मोजून परत नेई. तिचं मराठी बोलणं आधी चुकत होतं, मग थांबलं. सुमेधा मराठीत विचारी, ती इंग्रजीत उत्तर देई, आणि दोघींचंही काही अडत नसे. रात्री झोपताना सुमेधा दारात उभी राहून विचारत असे, काही वाचू का. शिल्पा पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणे, "आय अ‍ॅम फाइन, थँक यू."

आणि सुमेधा दार अर्धवट लोटून घेई.